हॉल अन् अंगणासाठी छोटा ब्लूटूथ स्टिरिओ अँप घ्यायचा आहे, वॅट किती पाहायचे?

प्रतापनगरची_ओसरी

नमस्कार सगळ्यांना. बाबांसाठी छोटा ब्लूटूथवाला अँप्लिफायर पाहून राहिली आहे, पण जितकं पाहते तितकं गोंधळायला होते, म्हणून इथे विचारते.

घर नागपूरला, प्रतापनगरात, जुनं बैठं घर आहे. हॉलमध्ये बाबांचे लाकडी पेटीचे दोन स्पीकर आहेत, मागे ८ ओम लिहिलं आहे, वॅटचा आकडा पुसला गेला. त्यांचा जुना अँप पावसाळ्यात बंद पडला, ट्रान्सफॉर्मर गेला, रिपेअरवाले म्हणतात वाइंडिंग करून देतो पण पुढचे पार्ट मिळतील की नाही सांगता येत नाही. बाबांना आता तो भलामोठा डबा नकोच आहे, सकाळी अभंग अन् संध्याकाळी जुनी नाट्यगीतं फोनवरून लावता आली की झालं.

दुसरं म्हणजे अंगण. उन्हाळ्यात सात वाजले की अंगणात पाणी मारून आम्ही सगळे खुर्च्या टाकून बाहेर बसतो, तिथे छज्ज्याखाली दोन स्पीकर लावायचे आहेत. पण हॉलच्या खिडकीत कूलर आहे, तोंड आत अन् पाठ अंगणात, त्याची घरघर सगळी बाहेर येते, म्हणून भाऊ म्हणतो २०० वॅटच्या खाली घेऊच नको, ऐकू येणार नाही. ऑनलाइन पाहिलं तर तळहाताएवढ्या डब्यावर कुठे १०० अधिक १०० वॅट, कुठे ३०० अधिक ३००. खरं काय समजायचं?

बजेट अँपचं आठ हजारापर्यंत, बाहेरचे स्पीकर वेगळे. टीव्ही जोडता आला तर आईचंही काम होईल. अन् मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जाते, इतकुसा डबा तापून बंद तर पडणार नाही ना?

सोल्डरगन_महाल

ताई, डब्यावरचे वॅट बाजूला ठेवा अन् सोबत जो अडॅप्टर येते त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचा, सगळं तिथेच कळते. समजा अडॅप्टर २४ व्होल्ट ४.५ अँपिअरचा आहे, तर गुणाकार करा, १०८ वॅट. भिंतीतून आतच १०८ वॅट येऊन राहिले तर डब्यातून सतत २०० वॅट बाहेर कुठून येणार?

आता तुमचे स्पीकर ८ ओमचे आहेत, म्हणजे विजेला त्यांचा अडथळा तेवढा, त्याचा हिशोब सांगतो. या छोट्या डब्यांमध्ये क्लास डी, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून आवाज वाढवणारी, चिप असते, बहुतेकांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ किंवा तिच्या घरातलीच दुसरी एखादी. अशा अँपला आवाज फाटायच्या आधी जास्तीत जास्त किती वॅट देता येतील ते अडॅप्टरच्या व्होल्टेजवर ठरते. व्होल्टेजचा वर्ग करा अन् त्याला स्पीकरच्या ओमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्ट अन् ८ ओम म्हणजे ५७६ भागिले १६, छत्तीस वॅट. हे कागदावरचे, प्रत्यक्षात तीसेक धरा. तोच डबा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवला तर नऊ वॅट, अन् जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टवर बावीस. डबा तोच, चिप तीच, फक्त अडॅप्टर बदलला. डब्यावर जे १०० लिहितात ते ४ किंवा २ ओमचा स्पीकर धरून, १० टक्के विकृती चालवून घेऊन काढलेले असतात, अन् १० टक्के विकृती म्हणजे कीर्तनातला टाळ पत्र्यावर खडे टाकल्यासारखा वाजते.

म्हणून माझं म्हणणं, २४ व्होल्टचा अडॅप्टर सोबत असलेला टीपीए ३११६ वर्गातला डबा घ्या, तुमच्या ८ ओमला एकदम बरोबर बसते. फोसी, आयिमा यांचे असे बरेच मिळतात. ३०० लिहिलेले आहेत त्यात टीपीए ३२५५ असते, चिप उत्तम आहे यात वादच नाही, पण तिचा खरा जोर ४८ व्होल्टच्या जड अडॅप्टरवर दिसते अन् तो घेतला की बजेट ओलांडते. स्वस्तात ३२ व्होल्टचा अडॅप्टर देतात, मग हिशोब परत करा.

एक सूचना, अडॅप्टर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-नंबर छापलेला असेल तोच घ्या. अन् तीन पिनचा मिळाला तर तीन पिनचा. दोन पिनच्या अडॅप्टरवर अँपच्या धातूच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, विशेषतः फरशीवर अनवाणी उभं असलं तर. त्याने जीवाला सहसा धोका नसते पण घरातली म्हातारी माणसं घाबरून जातात अन् परत त्या डब्याला हात लावत नाहीत.

गच्चीवाला_मनीषनगर

काकांचा हिशोब बरोबर आहे, मी अंगणाचं बोलतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

तुमच्या भावाला सांगा, वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढते, कानाला थोडासाच फरक कळते. अन् उघड्यावर स्पीकर ऐकणाऱ्यापासून दुप्पट लांब गेला तर ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे खुर्च्यांपासून सहा मीटरवर लावलेला स्पीकर तीन मीटरवर आणला तर तो चौपट वॅटचा अँप घेतल्यासारखा आहे, अन् याला एक रुपया लागत नाही. हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात म्हणून कमी वॅटमध्ये भरून येते, अंगणात तो आवाज जो गेला तो गेला.

साधारण स्पीकर घ्या, १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणारा. चार मीटरवर १२ डेसिबल कमी झाले, ७५ राहिले, दोन स्पीकर मिळून ७८. एका वॅटमध्ये! हे बोलण्याच्या आवाजापेक्षा चांगलंच मोठं आहे. म्हणून स्पीकर घेताना वॅट नका पाहू, सेन्सिटिव्हिटी पाहा, ८४ वाला अन् ९० वाला यांत ६ डेसिबलचा फरक म्हणजे पुन्हा तेच चौपट वॅट.

कूलरचं असं आहे की त्याच्यावर ओरडून जिंकायचं नसते. स्पीकर कूलरच्या खिडकीवर अजिबात लावू नका, लोक हेच करतात, कारण तिथून वायर जवळ पडते. खुर्च्या जिथे मांडता त्याच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, तोंड थोडं खाली करून लावा, कूलर ऐकणाऱ्याच्या पाठीमागे लांब राहू द्या. कूलरच्या जवळ लावला तर दुसरा त्रास, पॅडमधून उडालेलं पाणी अन् त्यातला क्षार कोनवर बसते, पांढरी खपली धरते.

छज्ज्याखाली असला तरी स्पीकर बाहेर लावायचाच घ्या, कागदी कोनचा घरातला नको, आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येते. अन् स्पीकरला मागे पोर्टचं भोक असेल तर त्याला बारीक जाळी लावा. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, एक हंगाम दुर्लक्ष केलं की बेस गायब अन् आत मातीचा गोळा.

अँप मात्र घरातच ठेवा, बाहेर वायर जाऊ द्या. तापण्याचं घाबरू नका, क्लास डी मध्ये जवळपास नव्वद टक्के वीज स्पीकरला जाते, उष्णता थोडीच होते, अन् फारच तापला तर चिप स्वतःच बंद होऊन थंड झाल्यावर परत सुरू होते. पण टीव्हीच्या बंद कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवून, नवतप्यात दुपारी दोन वाजता चालवायचा असेल तर कोणताच डबा टिकणार नाही. चारी बाजूंनी हवा लागेल असा उघडा ठेवा. अडॅप्टरही मोकळा ठेवा, गादीखाली किंवा पडद्यामागे नको, डब्याच्या आधी तोच जाते.

रेशीमबाग_रिदम

वरच्या दोघांचं मान्य आहे पण एका वॅटचं ऐकून ताई पाच वॅटचा डबा घेऊन बसतील, म्हणून लिहितो. ७८ डेसिबल हा सरासरी आवाज झाला. अभंगात पखवाजाची थाप पडते किंवा नाट्यगीतात तबल्याचा बायां दणकतो तेव्हा तो एक क्षण सरासरीपेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर असतो, म्हणजे त्या क्षणापुरते एका वॅटचे तीस वॅट लागतात. ते नसले तर थाप दबते, सपाट होते, आवाज मोठा असूनही गाण्यात जीव वाटत नाही. म्हणून ८ ओमवर खरे तीस वॅट मला योग्य वाटतात, नऊ वॅटवर मी जाणार नाही. आणि शंभरच्या मागे लागायचं काही कारण नाही.

आता ब्लूटूथ. लोक कोडेकवर, म्हणजे फोन आवाज दाबून पाठवतो त्या पद्धतीवर, तासन्‌तास वाद घालतात, अंगणात त्याचा उपयोग शून्य. आयफोन असेल तर तो एसबीसी आणि एएसीच पाठवतो, डब्यावर ॲपटीएक्स लिहिलं म्हणून त्याला काही फरक पडत नाही. अँड्रॉइडवर एलडॅक असेल तर हॉलमध्ये शांत बसून ऐकताना कदाचित कळेल. तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते कनेक्शन न तुटणं. अँप हॉलमध्ये आणि बाबांचा फोन अंगणात, मध्ये जुन्या घराची जाड विटांची भिंत, आणि खिडकीत पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर. पाणी आणि पत्रा दोन्ही या लहरींना अडवतात. मोकळ्यात दहा मीटर चालणारं ब्लूटूथ इथे चार मीटरवर अडखळू शकतं.

म्हणून बाहेर अँटेना असलेलाच डबा घ्या, मागे छोटी काळी दांडी असते ती. अँप दाराजवळच्या टेबलावर ठेवा, टीव्हीच्या मागे कोंबू नका. वायफायचा राउटर त्याच्यापासून दूर ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवर दोघंही बोलत असतात, जमल्यास घरातले फोन ५ गिगाहर्ट्झवर टाका. आणि फोन अंगणात नेण्यापेक्षा अँपजवळच ठेवून बाहेर नुसतं ऐकलं तर कटकटच मिटते, जुना फोन घरात पडला असेल तर तो कायमचा त्याच कामाला लावा. त्याचा आणखी एक फायदा, बाबांना कुणाचा कॉल आला तर मध्येच गाणं थांबून रिंग अख्ख्या अंगणात वाजणार नाही. शेजारच्या पोरांचाही प्रश्न सुटतो, या डब्यांना बरेचदा पिन नसतो, मोकळा दिसला की कुणीही जोडून घेतं, पण आपला फोन जोडलेला असला की सहसा दुसऱ्याला शिरता येत नाही.

टीव्ही मात्र ब्लूटूथने जोडू नका. आवाज ओठांच्या मागे पडतो आणि आईंना मालिका बघताना लगेच खटकेल. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून अँपच्या आरसीएला, म्हणजे लाल-पांढऱ्या गोल भोकांना, साधी वायर न्या. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट असेल तर मध्ये ऑप्टिकलचं आरसीए करणारा छोटा कन्व्हर्टर लावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा, करा, ते केलं नाही तर बरेचदा आवाजच येत नाही आणि माणूस कन्व्हर्टर परत पाठवून देतो.

प्रतापनगरची_ओसरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं नीट कुणी समजावलंच नव्हतं. भावाला चौपट वॅटचा हिशोब वाचून दाखवला, आता तो स्वतःच खुर्च्यांची जागा मोजून राहिला आहे.

अजून एक विचारायचं राहिलं. घर रंगवलं तेव्हा इलेक्ट्रिशियनने हॉलपासून छज्ज्यापर्यंत पाइपमधून एक तीन कोअरची वायर आधीच टाकून ठेवली आहे, अंतर पंधरा मीटर असेल. तो म्हणतो एक तार डाव्या स्पीकरची, एक उजव्याची अन् तिसरी दोघांची मिळून मायनस, पूर्वी असंच करायचे, चालून जाते. भिंत परत फोडायची नाही म्हणून बाबांनाही हेच बरं वाटते. करू का असं?

अन् आतले दोन, बाहेरचे दोन, असे चार एकाच अँपवर चालतील का?

सोल्डरगन_महाल

ताई, नाही. हे बिलकुल करू नका. बरं झालं जोडायच्या आधी विचारलं.

जुन्या अँपमध्ये दोन्ही चॅनलचं मायनस आतून एकच असायचं, ग्राउंडला जोडलेलं, म्हणून तुमचा इलेक्ट्रिशियन म्हणते ते तेव्हा खरं होतं. या नवीन डब्यांमध्ये ब्रिज पद्धत असते. स्पीकरच्या लाल अन् काळ्या, दोन्ही टोकांवर अँप जोर लावते, काळं टोक ग्राउंड नाहीच. दोन्ही काळी टोकं एकत्र केली म्हणजे एका चॅनलचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटवर नेऊन आपटलं. चिपमध्ये संरक्षण असेल तर डबा बंद पडेल, नसेल तर धूर. म्हणूनच चार वेगळ्या तारा, नाहीतर काहीच नाही. जुन्या पद्धतीचे स्पीकर सिलेक्टर बॉक्स मिळतात त्यातही काहींचं मायनस आतून कॉमन असते, ते पण नको.

भिंत न फोडता एक मार्ग आहे. तीनपैकी दोनच तारा वापरा, तिसरी दोन्ही टोकांना टेप लावून तशीच सोडून द्या. बाहेरचे दोन्ही स्पीकर ८ ओमचे घ्या अन् छज्ज्यावर समांतर जोडा, ४ ओम होतील, ते एकाच चॅनलवर चालतील. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ असते, ते सुरू केलं की डाव्या-उजव्याचं सगळं एकत्र येते, कोणतंच वाद्य गायब होत नाही. पण मग ४ ओमवर २४ व्होल्टने वॉल्यूम पूर्ण फिरवू नका, या चिपला ४ ओमवर २१ व्होल्टपर्यंतच मोकळं वाटते.

रेशीमबाग_रिदम

काका, मोनोमध्ये नाट्यगीतं? हॉलमध्ये बसून ऐकताना तरी मला ते चालणार नाही.

गच्चीवाला_मनीषनगर

हॉलमध्ये नाही, पण अंगणात मोनोच बरा. बाहेर बसणारे गोल करून बसतात, कुणी डाव्या स्पीकरखाली, कुणी उजव्या. स्टिरिओ असला तर आजीला नुसता तबला अन् काकांना नुसती पेटी ऐकू येते. सगळ्यांना सगळं ऐकू आलं पाहिजे तर दोन्हीकडे तेच वाजू द्या.

चारही एकाच वेळी वाजवायची गरज आहे का, ते आधी घरात ठरवा. आत कुणी नसताना बाहेर अन् बाहेर कुणी नसताना आत, असं असेल तर एका वेळी एकच जोडी लागेल असा स्विच पुरते, फक्त त्याने लाल अन् काळ्या, चारही तारा तुटल्या पाहिजेत, नुसत्या लाल नाही. पण स्विच, तारांची गुंतागुंत अन् दर वेळी मोनो-स्टिरिओ बदलणं, हे बाबांना रोज जमेल का याचा विचार करा. मला विचाराल तर हॉलला एक डबा अन् अंगणाला दुसरा, साधा, १९ व्होल्टवाला. दोघांचे वेगळे अडॅप्टर, वेगळी बटणं, ब्लूटूथवर वेगळी नावं. असे दोन डबे मिळून तुमच्या आठ हजारात बसायला पाहिजेत, अन् आई आत टीव्ही पाहून राहिल्या तरी बाबा बाहेर गाणी ऐकू शकतात.

अन् रात्रीचं लक्षात असू द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ अन् रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. प्रतापनगरला घरं एकमेकांना लागून आहेत, दहा वाजले की बाहेरचा डबा बंदच करा. स्पीकर खुर्च्यांजवळ असले तर त्याच्या आधीही शेजाऱ्यांकडे कमीच जाते, तो जवळ लावण्याचा दुसरा फायदा.

प्रतापनगरची_ओसरी

दोन डब्यांचं बाबांना एकदम पटलं, आईला तर जास्तच. हॉलला २४ व्होल्टचा, अँटेनावाला, आरसीए असलेला. अंगणाला १९ व्होल्टचा, भावाच्या जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर चांगला चालू आहे, तो वापरला तर चालेल ना? अन् ती तीन कोअरची वायर किती जाडीची आहे ते पाहायला सांगितलं, इलेक्ट्रिशियन म्हणते ०.५ ची आहे.

सोल्डरगन_महाल

अडॅप्टर चालते, पण डब्यावर किती व्होल्टपर्यंत चालते ते छापलेलं असते, १९ त्यात बसलं पाहिजे. पिनची जाडी पाहा, हे डबे बहुतेक ५.५ मिलिमीटरची गोल पिन घेतात, आतलं भोक २.१ की २.५ ते जुळलं पाहिजे, लॅपटॉपच्या पिना कंपनीगणिक वेगळ्या असतात. अन् प्लस मधे आहे की बाहेर ते अडॅप्टरवरच्या चित्रात पाहून घ्या. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवणार असाल अन् इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमध्ये बारीक गुणगुण येऊ शकते, डबा खराब झाला असं समजू नका.

वायर मात्र बदला. पंधरा मीटर जायचं अन् पंधरा यायचं, ०.५ ची तांब्याची तार असली तरी एक ओमच्या वर होते. तुमचे बाहेरचे दोन मिळून ४ ओम, म्हणजे पाचवा हिस्सा ताकद तारेतच गरम होऊन जाईल अन् बेस ढिला वाटेल. १.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, तीस मीटरला ओमचा तिसरा हिस्सा, ते चालते. पाइप आधीच आहे म्हणता तर भिंत फोडायची गरजच नाही, जुन्या वायरच्या टोकाला नवीन बांधायची अन् दुसरीकडून ओढायची. ओढतच आहात तर चार कोअरची ओढून ठेवा, आज मोनो वाजवा, उद्या स्टिरिओ करायचं वाटलं तर तारा तयार असतील. त्याच पाइपमध्ये लाईटची वायर असेल तर मात्र टाकू नका, वेगळा पाइप घ्या.

बर्डीच्या बाजारात वायर घ्यायला जाल तेव्हा दुकानातच टोक सोलून एका तारेला ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, नको म्हणून सांगा. आतपर्यंत लाल दिसली तरच मीटरने कापायला सांगा, अन् दोन मीटर जास्तच घ्या, कोपऱ्यावर वळवताना कमी पडते.